नव्वदातून सतरा

“अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलंय मी, घोलप. बोटं मोजता येतात मला.”

नाईकवडी गुरुजींनी हे वाक्य उच्चारले तेव्हा त्यांच्या एका हातात चहाची बशी होती आणि दुसऱ्या हाताने पडदा सारून ते आपल्या आसनाकडे जाण्याच्या बेतात होते. मी त्यांच्यासमोर हात जोडून उभा होतो. बोटांविषयीच एक बाब मला त्यांच्या कानी घालावयाची होती.

“तरी पण गुरुजी, एक बारीकशी गोष्ट आहे.”

“सातवीत गणितात तू दोनदा नापास झालास. कुणी केलं होतं?”

“तुम्ही, गुरुजी.”

“मग? जा, उतर तुझ्या खड्ड्यात. पोरी खोळंबल्यात.”

मी उतरलो. त्या दिवशी जो काही घोटाळा झाला त्याचे मूळ या चार-सहा वाक्यांत आहे, म्हणून ती प्रथम नमूद केली. आता बाकीचे क्रमाने सांगतो.

वाघोळे या आमच्या गावाशेजारी यंत्रांचे सुटे भाग बनविण्याचा मोठा कारखाना आहे. तो उभारण्यासाठी परदेशातून काही इंजिनिअर आले होते व ते तीन वर्षे कामगार वसाहतीत राहिले. संध्याकाळी त्यांना करमेना, म्हणून त्यांनी वसाहतीच्या करमणूक केंद्रात सागवानी फळ्यांची एक लांबलचक पट्टी बनवून घेतली. पट्टीच्या एका टोकाला उभे राहून लाकडी गोळा घरंगळत सोडावयाचा आणि दुसऱ्या टोकाला मांडलेल्या नऊ लाकडी बाहुल्या पाडावयाच्या, असा तो खेळ. ते लोक त्याला बोलिंग म्हणत. पट्टीच्या दोन्ही कडांना पन्हळी होत्या. गोळा वाकडा गेला की पन्हळीत पडे व एकाही बाहुलीला स्पर्श न करता मागे निघून जाई.

इंजिनिअर गेले. खेळ राहिला, आणि मी राहिलो. माझे काम पट्टीच्या शेवटी, बाहुल्यांच्या मागे असलेल्या कंबरभर खड्ड्यात बसण्याचे होते. गोळा येऊन आदळला की पडलेल्या बाहुल्या माझ्या अंगाखांद्यावर कोसळत. त्या गोळा करून पुन्हा नऊच्या नऊ मांडावयाच्या, गोळा बाजूच्या उतरत्या नळीतून परत धाडावयाचा, आणि प्रत्येक फेकीनंतर वरच्या चौकोनी खिडकीतून हात बाहेर काढून बोटांनी खूण करावयाची. ती खूण पाहून कारकून गुण लिही. पगार कमी होता, परंतु दोन फेकींच्या मध्ये वाचनास अवकाश मिळत असे. वसाहतीच्या वाचनालयातील डाव्या हाताचे संपूर्ण कपाट मी त्या खड्ड्यात बसून वाचले आहे. माझी भाषा जी काही आहे ती तिथली आहे.

त्या वर्षी कारखान्याचे व्यवस्थापक रेगेसाहेब यांनी हायस्कुलातील मुलींसाठी बोलिंगची स्पर्धा जाहीर केली. वसाहतीच्या शाळेतून पाच मुली, गावच्या शाळेतून पाच. प्रत्येकीने दहा वेळा गोळा टाकावयाचा. जिच्या हातून सर्वाधिक बाहुल्या पडतील ती पहिली. आणि पहिल्या येणाऱ्या मुलीस कारखान्याच्या शिकाऊ वर्गात थेट प्रवेश. तोवर त्या वर्गात एकाही मुलीने पाऊल टाकलेले नव्हते. साहेबांना ते बदलावयाचे होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे, ते खेळाच्या निमित्ताने बदलले तर फारशी कुरबूर होणार नाही असा त्यांचा होरा होता.

ही बातमी ऐकून वसाहतीतील एकच मुलगी तडक माझ्याकडे आली. सुगंधा खरमाटे, इयत्ता दहावी. तिचे वडील कारखान्यात क्रेन चालवीत. छताला लागून असलेल्या पिंजऱ्यात बसून ते दिवसभर लोखंडाचे राक्षसी तुकडे इकडून तिकडे हलवीत असत. सुगंधा त्यांना दुपारचा डबा द्यावयास जाई, आणि परत येताना लोखंड फिरवून तासणाऱ्या लेथ यंत्रांपाशी इतका वेळ रेंगाळे की तिला लेथ चालविणारा टर्नर होण्याचा ध्यास लागला. लोखंडाची साल कशी गुंडाळत निघते याचे वर्णन ती इतर मुली चित्रपटाची गोष्ट सांगतात तसे सांगत असे.

महिनाभर तिने रोज सायंकाळी सराव केला. मी खड्ड्यात, ती पलीकडच्या टोकाला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी खरमाटे स्वतः पाहणीस आले. भारदस्त मनुष्य, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणे मोजके. घोलप न म्हणता मला ते येसू म्हणत.

“येसू, जमेल का रे ह्या पोरीला?”

“उत्तम प्रगती आहे, खरमाटेभाऊ.”

“मला ते नको सांगू. पहिली येईल का?”

“येण्याची दाट शक्यता आहे.”

खरमाट्यांचा चेहरा पडला. सुगंधाने ते पाहिले.

“अण्णा, तुम्ही शब्द दिलाय. पहिली आले तर जाऊ देणार म्हणून.”

“दिलाय ना. नाही कुठं म्हणतो? पण पहिली. दुसरी आलीस तर गुमान घरी. ते पाच-पंचवीस गडी, तेल, भुगा, आरडाओरड. तुला काय माहीत.”

“तुम्हाला तरी कुठं माहीत? तुम्ही वर पिंजऱ्यात असता.”

“वरनंच सगळं दिसतं,” असे म्हणून ते निघून गेले.

आता पडद्याविषयी सांगितले पाहिजे. मागील गणेशोत्सवात रांगोळी स्पर्धेवरून वसाहत आणि गाव यांच्यात असा काही तंटा झाला होता की दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापिका एकमेकींच्या हळदीकुंकवास जात नव्हत्या. नेहमीचे कारकून वसाहतीचे, म्हणून गावाने त्यांना हरकत घेतली. मग दोन्ही पक्षांनी मिळून तालुक्याहून निवृत्त गणित शिक्षक नाईकवडी गुरुजींना गुण लिहिण्यास बोलाविले. तरीही शंका राहिली, कारण गुरुजींची बहीण वसाहतीत राहते. तेव्हा असे ठरले की गुरुजींना खेळाडू दिसताच कामा नयेत. पट्टीच्या मध्यावर, बाजूच्या भिंतीलगत, लग्नाच्या मांडवाचा पडदा लावून त्यामागे त्यांची खुर्ची ठेवली. तेथून त्यांना ना मुली दिसत, ना बाहुल्या. दिसे ती फक्त माझी खिडकी व तीतून निघणारे माझे हात. मुलींना चिठ्ठ्या टाकून क्रमांक दिले होते, त्यामुळे कागदावरही नावे नव्हती. इतका निःपक्षपाती बंदोबस्त मी पुढे निवडणुकीतही पाहिलेला नाही.

स्पर्धा दुपारी दोन वाजता सुरू झाली.

खड्ड्यातून मला मुली दिसत नसत, परंतु गोळ्याच्या आवाजावरून फेकणारीची ओळख पटे. गावच्या मुलींनी हा खेळ पूर्वी पाहिलेलाही नव्हता. त्या गोळा सोडत नव्हत्या, टाकत होत्या. धप्प असा आवाज होई, मग थोडी शांतता, मग कुठे तो गडगडू लागे. तिसऱ्या क्रमांकाची मुलगी दर फेकीपूर्वी मोठ्याने “आई गं” म्हणत होती. सहाव्या क्रमांकाचा पहिला गोळा आला तो जात्याच्या घरघरीसारखा, एका सुरात, पट्टीला चिकटून. ही सुगंधा, मी मनाशी म्हटले. तिच्या दहा फेकींत माझ्या पाठीवर इतक्या बाहुल्या कोसळल्या की दुसऱ्या दिवशी मला तेल लावून घ्यावे लागले.

नववा क्रमांक मात्र विश्रांतीचा निघाला. गोळा निघे, थोडा चाले, आणि पन्हळीत पडून माझ्या शेजारून निमूटपणे निघून जाई. दहापैकी आठ वेळा एकही बाहुली हलली नाही. त्या अवधीत वाचावयास घेतलेल्या कादंबरीची माझी सहा पाने झाली. प्रत्येक फेकीनंतर खूण मात्र मी चोख करीत होतो. आणि प्रत्येक खुणेनंतर पडद्याआडून गुरुजींचा “हं” असा समाधानी हुंकार ऐकू येत होता.

चार वाजता खेळ संपला. मी बाहुल्या पुसून रांगेत ठेवल्या, अंगावरची धूळ झटकली आणि बाहेर आलो. सभागृह भरले होते. गुरुजींनी बेरजा करून, दोनदा ताळा पाहून, सही ठोकून कागद रेगेसाहेबांच्या हाती दिला होता. आता क्रमांकांची नावे जुळवून साहेब वाचू लागले.

“गुण एक्क्याऐंशी. प्रथम क्रमांक, कुमारी नलिनी गोसावी, वाघोळे गाव.”

टाळी एकही पडली नाही. सर्वप्रथम आश्चर्य वाटले ते खुद्द नलिनीला. पोस्टमास्तर गोसाव्यांची ही कन्या. गावच्या संघात एक मुलगी कमी पडत होती म्हणून तिला भेळेचे आमिष दाखवून आणले होते. नववा क्रमांक तिचाच. ती खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली.

साहेब वाचत गेले. दुसरी गावची, तिसरी गावची, चौथी गावची. वसाहतीच्या बाजूने कुजबुज सुरू झाली.

“आणि शेवटचा क्रमांक, गुण सतरा, कुमारी सुगंधा खरमाटे.”

सुगंधा भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही. कुणीतरी आपल्याला भलत्याच नावाने हाक मारावी तशा मुद्रेने ती साहेबांकडे पाहत राहिली. पहिल्या बाकावर बसलेले खरमाटे उठले, त्यांनी गुडघ्यावरची टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाले, “झालं. चल घरी.”

“अण्णा, सतरा कसे होतील?”

“साहेबांनी वाचले ना? चल.”

इतक्यात नलिनी धीर करून पुढे आली.

“सर, मी पहिली नाही.”

रेगेसाहेब हसले. “बघा, किती विनय आहे मुलीत.”

“विनय नाही, सर. पन्हळ. माझे बहुतेक गोळे पन्हळीत गेले. विचारा हिला.”

तिने जिच्याकडे बोट दाखविले ती मैत्रीण म्हणाली, “खरंय सर. आम्ही हसत होतो.”

“शिवाय मला टर्नर नाही व्हायचं,” नलिनी घाईघाईने म्हणाली. “मला बालवाडीची बाई व्हायचंय. मिक्सर लावला तरी मी स्वयंपाकघरातनं बाहेर जाते.”

गुरुजी पडद्याआडून बाहेर आले. “बाळ, आपल्याला काय वाटतं याला महत्त्व नसतं. अंक खोटं बोलत नाहीत. दहा वेळा मी स्वतः बघितलंय. आठदा तर नऊच्या नऊ होती.”

हे वाक्य ऐकले आणि मी माझ्या बोटांकडे पाहिले. काय झाले ते मला एका क्षणात समजले.

करमणूक केंद्रात आमचा एक रिवाज होता. खिडकीतून आम्ही जी बोटे दाखवीत असू, ती पडलेल्या बाहुल्यांची नसत. ती उभ्या राहिलेल्यांची असत. तीन बोटे म्हणजे तीन उभ्या, सहा पडल्या. मिटलेली मूठ म्हणजे एकही उभी नाही, नऊच्या नऊ आडव्या. कारकून वजाबाकी करून लिही. मी आठ वर्षे याच पद्धतीने खूण केली होती आणि त्या दिवशीही तशीच केली. पडद्याआड बसलेल्या गुरुजींनी प्रत्येक बोट पडलेल्या बाहुलीचे समजून लिहिले. म्हणजे जी मुलगी जितकी उत्तम खेळली तितकी ती खाली गेली. सबंध निकाल डोक्यावर उभा होता.

सांगावे की न सांगावे, असा विचार माझ्या मनात आलाच नाही असे म्हणणे असत्य होईल. गुरुजींची सही झालेली होती. साहेबांची जीप बाहेर चालू होती. आणि ज्या गृहस्थांनी मला गणितात दोनदा नापास केले, त्यांना भर सभेत मी गणित चुकल्याचे सांगणार होतो. परंतु सुगंधा वडिलांच्या मागोमाग दाराकडे निघाली होती.

“साहेब,” मी म्हणालो, “एक नम्र खुलासा आहे.”

“घोलप, मध्ये बोलू नकोस,” गुरुजी म्हणाले.

“बोलू द्या गुरुजी,” साहेब म्हणाले. “काय रे?”

मी सांगितले. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“उभ्या? उभ्या कोण मोजतं? कुठल्या शास्त्रात?”

“शास्त्र नाही, गुरुजी. तुकारामभाऊंच्या हातामुळे.”

“कोण तुकारामभाऊ?”

“माझ्या आधी खड्ड्यात होते ते. पूर्वी कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होते, तिथं तीन बोटं गेली. सातच राहिली. आठ किंवा नऊ पडल्या तर दाखवायच्या कशा? इंजिनिअर लोक चांगले खेळायचे, त्यांच्या एक-दोनच उभ्या राहायच्या. म्हणून त्यांनीच ठरवलं, उभ्या दाखवायच्या. मी त्यांच्याकडूनच शिकलो.”

“तुझी तर दहाच्या दहा आहेत.”

“आहेत, गुरुजी. पण रिवाज पडला तो पडला.”

मागे कुणीतरी हसले. गुरुजींनी वळून पाहिले तेव्हा ते थांबले.

“मग मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगत होतो, गुरुजी.”

“केव्हा?”

“तुमच्या हातात बशी होती तेव्हा.”

इतक्यात खरमाटे दारातूनच बोलले.

“येसू, निकाल लागला तो लागला. कशाला उकरून काढतोस? मास्तरांची सही झालीय.”

“सहीचं मी बघतो,” रेगेसाहेब म्हणाले. “पण खात्री कशी करायची? घोलप म्हणतो म्हणून निकाल फिरवला तर गाव मला सोडणार नाही.”

गावच्या मुख्याध्यापिका यावर ठामपणे म्हणाल्या, “मुळीच सोडणार नाही.”

तेव्हा गुरुजींनी जे केले त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो. त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला.

“प्रत्यक्ष प्रयोग करू. मी गोळा टाकतो. घोलप, तू खड्ड्यात जा आणि रोज करतोस तशीच खूण कर. मी पडद्यामागं बसून वाचेन. जशी दुपारी वाचली तशीच.”

“तुम्हीच टाकणार, तुम्हीच वाचणार?” साहेबांनी विचारले.

“दुसऱ्या कुणाचा शब्द दोन्ही बाजू मानणार नाहीत,” गुरुजी म्हणाले, आणि ते खरेच होते.

मी धावत जाऊन खड्ड्यात उतरलो व नऊ बाहुल्या मांडल्या. पुढचे वर्णन मला नंतर अनेकांनी सांगितले. गुरुजींनी गोळा दोन्ही हातांनी उचलला, शाळेची घंटा ठेवावी तसा हलकेच पट्टीवर ठेवला आणि पुढे ढकलला. तो इतक्या सावकाश निघाला की गुरुजी चालत पडद्यामागे जाऊन खुर्चीत बसले तरी तो अर्ध्या वाटेवरच होता. सभागृहातील सर्व माणसे त्याच्याकडे पाहत होती. तो बाहुल्यांपासून हातभर अलीकडे आला, विचार बदलावा तसा डावीकडे वळला, आणि पन्हळीत पडला. माझ्या शेजारून तो गेला तेव्हा मी त्याला हाताने थांबविले.

मी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले. एक अंगठा मिटला.

पडद्याआडून स्वच्छ, समाधानी आवाज आला.

“नऊ.”

क्षणभराने पुन्हा, जरा हळू आवाजात, “पहिल्याच फेकीला.”

सभागृह असे हसले की माझ्या समोरच्या बाहुल्या थरथरल्या. गुरुजी पडदा सारून बाहेर आले आणि पट्टीच्या टोकाकडे चालत आले. नऊच्या नऊ बाहुल्या त्यांच्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून मोजल्या. खड्ड्यातून मी वर पाहत होतो व ते खाली पाहत होते. मला वाटले, आता ते रागावतील.

“घोलप,” ते म्हणाले, “वर ये.”

सभागृहाच्या कोपऱ्यात एक फळा होता. त्यावर मीच सकाळी सुंदर अक्षरांत स्वागताचा मजकूर लिहिला होता. गुरुजींनी तो पुसला, कागदावरचे दहा आकडे एकाखाली एक लिहिले आणि खडू माझ्या हातात ठेवला.

“बोटं तुझी, दुरुस्ती तुझी. एका मुलीच्या फेकी किती?”

“दहा.”

“एका फेकीला बाहुल्या किती?”

“नऊ.”

“एकूण?”

“नव्वद.”

“मी लिहिलेत ते उभ्या राहिलेल्यांचे आकडे. पडलेल्या कशा काढशील?”

“नव्वदातून वजा करून.”

“कर. खालून सुरू कर.”

सर्वांत खाली सतरा होते. मी फळ्यावर नव्वद लिहिले, त्याखाली सतरा लिहिले, आडवी रेघ ओढली. शून्यातून सात जात नाहीत. हातचा घ्यावयाचा असतो हे मला ठाऊक होते. तो शेजारच्या नवातून घ्यावयाचा, मग नवाचे आठ होतात, हेही ठाऊक होते. परंतु पाठीमागे गुरुजी उभे होते, त्यांच्या श्वासाचा आवाज मला सातवीच्या वर्गातून परिचित होता, आणि माझा खडू शून्यावर जाऊन थांबला तो थांबलाच. शून्यातून सात. शून्यातून सात. दोनशे माणसे पाहत होती. गुरुजींनी मदत केली नाही. ते वाट पाहत राहिले.

“त्र्याहत्तर.”

आवाज दाराकडून आला. सर्वांनी वळून पाहिले. दाराच्या चौकटीत खरमाटे एका पायात चप्पल घालून उभे होते. दुसरी चप्पल हातात होती.

गुरुजींनी विचारले, “तोंडी केलंत?”

“तोंडी कशाला करू? मोजत होतो मी.”

“काय मोजत होता?”

“तिच्या बाहुल्या.” खरमाटे फळ्याकडे पाहून बोलत होते, मुलीकडे नाही. “सात. मग आठ. मग नऊच्या नऊ. मग सहा, सात. तिथनं पुढं पाच झाल्या, कारण गोळा सोडताना तिचा डावा पाय घसरला, फळीला तेल लागलंय तिथं. नाहीतर आठला मरण नव्हतं. मग परत नऊ. आठ. सात. सात. किती झाले?”

मला उभ्याउभ्या बेरीज जमली नाही, परंतु गुरुजींनी केली. “त्र्याहत्तर,” ते म्हणाले.

सुगंधा वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“तुम्हाला माहीत होतं?”

खरमाटे चप्पल जमिनीवर ठेवून तीत पाय घालू लागले. पाय जाईना.

“साहेबांनी सतरा वाचले तेव्हा तुम्हाला माहीत होतं, अण्णा. आणि टोपी घालून मला चल म्हणालात.”

“हो.”

“का?”

“वाटलं, बरं झालं.” ते फार हळू बोलले, पण सभागृह इतके शांत होते की प्रत्येकाला ऐकू गेले. “मी खोटं बोललो नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.”

“आता तरी कुणी विचारलं होतं?”

खरमाट्यांनी माझ्याकडे बोट दाखविले. “हा बाबा तुझे सतरा घेऊन तिथं उभा राहिलाय कधीचा. मला बघवेना. तुझे त्र्याहत्तर आहेत. दहा वेळा टाकून त्र्याहत्तर पाडल्यास तू. आणि ते फळ्यावर येईचनात.”

कुणीही हसले नाही. रेगेसाहेबांनी खिशातून पेन काढले, मग पुन्हा ठेवले. गावच्या मुख्याध्यापिकांनी पदर सावरला आणि त्या वसाहतीच्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या की मुलगी खेळली मात्र चांगली. नलिनी गोसावी एवढी आनंदात होती की तिने परस्पर टाळ्या वाजविण्यास सुरुवात केली, आणि मग सर्वांनीच वाजविल्या.

मी उरलेल्या नऊ वजाबाक्या केल्या. हातचा घेता आला. गुरुजींनी प्रत्येकीशेजारी बरोबरची खूण केली व शेवटी साहेबांना म्हणाले, “यादी खालून वर वाचा, म्हणजे झालं.” नलिनीचे नऊ आले. तिने ते आकडे वहीत उतरवून घेतले.

मी खडूने माखलेले हात पुसत बाहेर आलो तेव्हा खरमाटे व सुगंधा फाटकाच्या दिशेने चालले होते. खरमाटे पुढे, ती दोन पावले मागे. त्यांचे बोलणे मला ऐकू येत होते.

“सोमवारी सातला हजेरी असते शिकाऊ वर्गात,” खरमाटे म्हणाले. “सातला म्हणजे पावणेसातला. तुझ्यामुळं मला कुणाचं ऐकून घ्यायला लागता कामा नये.”

“नाही लागणार.”

ती भराभर चालत त्यांच्या बरोबरीला आली. मग सुगंधा म्हणाली, “पण अण्णा, चौथी सहा नव्हती. सात होती.”

“सहा.”

“सात. कडेची पडली होती.”

“हलली होती. पडली नाही.”

“तुम्ही बाकावर होता, तुम्हाला काय दिसणार?”

“कडेची हलली, गोल फिरली, आणि परत उभी राहिली. सहा.”

“सात.”

फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांचा हा वाद चालू होता. माझ्या मनात आले की हाक मारून सांगावे. मग मी मारली नाही. ती बाहुली माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होती. ती हलली, एकदा गोल फिरली, आणि परत उभी राहिली होती.